मगदुमांची उलट मुळं

लग्नाच्या स्थळाला हल्ली पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, स्वयंभू किती? मुलगा बारा टक्के निघाला तरी मुलीकडचे एकमेकांकडे समाधानाने बघतात, कारण बहुतेकांची मजल सात-आठच्या पुढे जात नाही. वीसच्या वर कोणी गेला तर त्याचा सत्कार होतो, आणि सत्काराच्या भाषणात तोही बिचारा दुसऱ्याचंच काहीतरी बोलतो.

हे सगळं मूळमापनाने झालं. त्याआधी बरीच वर्षं यंत्रं माणसाला मतं पुरवत होती. काय वाचावं, काय आवडून घ्यावं, कशावर चिडावं, सगळं मागायच्या आत हजर. सगळीकडे फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत जाते. त्यामुळे स्वतःच्या डोक्यात उगवलेलं मत दुर्मीळ झालं, आणि दुर्मीळ म्हणून महाग. मग ते ओळखायचं कसं, हा प्रश्न आला आणि मेंदूच्या शास्त्रज्ञांनी तो सोडवला. एखादी आवड मेंदूत पहिल्यांदा रुजते, त्या क्षणी डोक्यात जो माणूस असेल त्याचा आवाज, चेहरा किंवा लकब तिच्यासोबत कायमची बांधली जाते. याला म्हणतात बीजखूण. तुम्ही त्या आवडीचा विचार करायचा. सोबत कोणाची आठवण उजळते ते यंत्र बघतं. मामाची उजळली तर आवड मामाची. कोणाचीच नाही उजळली तर ती स्वयंभू.

मोजताना छंद आणि मतं धरतात. छंद म्हणजे कोणी न सांगता माणूस ज्याकडे पुन्हा पुन्हा वळतो आणि वळला की ज्याला बरं वाटतं, ते. जिभेच्या चवी धरत नाहीत, त्या आईच्याच असतात. माणसांवरची माया यंत्र बनवणाऱ्यांनी मुद्दाम बाहेर ठेवली आहे. संसार मोडतील असं त्यांना वाटलं, आणि त्यांचा अंदाज चुकीचा नसावा.

सांगलीच्या भूपाल मगदुमांना या मोजणीची भीती नव्हती. साठी ओलांडलेले, सडपातळ, स्वतःविषयी चांगलं मत असलेले गृहस्थ. ते संगणकप्रेमी होते. संगणकप्रेमी म्हणजे काय हेही आता सांगावं लागतं. यंत्रं बोललेलं ऐकतात, अर्धवट बोललेलंही समजून घेतात. त्यामुळे बोटांनी टंकणं, स्वतः प्रोग्राम लिहिणं, जुने संगणक उघडून फुंकर मारणं या गोष्टी आता तिकिटं जमवण्याच्या पंगतीला जाऊन बसल्या आहेत. विश्रामबागेत एका बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत संगणकप्रेमी मंडळ दर रविवारी भरतं. प्रत्येक सभासदाचं मंडळाच्या संगणकावर एक वैयक्तिक पान असतं. त्यात आपले छंद, मतं आणि श्रद्धा लिहायच्या. नवा सभासद आधी पान लिहितो, मग त्याला चहा मिळतो.

मगदुमांचं पान सगळ्यांत लांब होतं. मराठी कळांच्या इन्स्क्रिप्ट की-बोर्डावर दहा बोटांनी टंकणे, हा छंद. मराठी अक्षराला मराठी कळ हवी, रोमनमधून मराठी लिहिणारा माणूस धोतरावर टाय बांधणारा आहे, हे मत. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याच्या पोटात काय आहे ते कोणालाही उघडून बघता येतं असं. बंद डबे विकून पैसे करणाऱ्यांवर वेगळा परिच्छेद. सायकल. मांजर. देव नाही. बिनसाखरेचा चहा, ही मगदुमांच्या बाबतीत चव नव्हती, मत होतं. खाली मांजराचा फोटो होता. त्यात मांजर नाराज दिसत होतं.

दुसरं लांब पान सदानंद कारखानिसांचं. त्याच वयाचे, अंगाने भरलेले, रोमनमधून मराठी टंकणारे. जन्मभर बंद डबेच विकलेले. मोटार, कुत्रा, रोज सकाळी गणपतीचं दर्शन, चहात साखर सढळ. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली तर एकाच माणसाचा निगेटिव्ह आणि फोटो असावेत असं वाटे, पण तशी ती कोणी ठेवून वाचली नव्हती. दोघं तरुणपणी एका संगणक शिबिरात भेटले आणि तेव्हापासून वाकडे होते. कशावरून, ते मंडळात कोणालाच ठाऊक नव्हतं. समोरासमोर ते बोलत नसत. भांडण मंडळाच्या चर्चाफलकावर चाले आणि बाकीचे सभासद चहासोबत ते वाचत.

त्या वर्षी मगदुमांनी ठराव मांडला की ज्याचं स्वयंभू सर्वांत जास्त, तो अध्यक्ष. ठराव मंजूर झाला.

"बघू या," मगदूम घरी म्हणाले, "कारखानिसाच्या डोक्यात स्वतःचं असं काय आहे ते."

"आणि तुमच्या?" त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या.

"माझ्या डोक्यात माझंच आहे. दुसऱ्याचं ठेवायला जागा नाही."

मूळमापन करायच्या डॉ. मृणाल बारटक्के, मिरजेत. वयाने मगदुमांच्या मुलीएवढ्या, आणि पेशंटला आधी घाबरवायचं नाही हे शिकलेल्या. त्यांनी मगदुमांच्या डोक्यावर यंत्राची टोपी चढवली, पान समोर ठेवलं आणि एकेक गोष्ट मनात आणायला सांगितली, शेवटी मन जाईल तिकडे जाऊ द्यायला. तासाभराने त्यांनी टोपी काढली, तेव्हा त्यांचा चेहरा वाईट बातमी गोड करून सांगणाऱ्यांचा झाला होता.

"काका, चाळीस खुणा जिवंत आहेत. त्यांतली एक स्वयंभू. अडीच टक्के."

मगदूम हसले. "यंत्र कोणी बनवलंय? बंद डबा असणार."

"बाकीच्या सगळ्या एकाच माणसाच्या आहेत." त्यांनी पडदा वळवला. यंत्राने आठवणीतून उभा केलेला धूसर चेहरा होता; रुंद कपाळ, पातळ मिशी, हातात पांढरा रुमाल. "ओळखता?"

मगदूम ओळखत होते. रुमालासकट ओळखत होते.

"या माणसाकडून मी आयुष्यात काही घेतलेलं नाही."

"घेतलं नाहीतच. म्हणून तर ही उलट मुळं आहेत. सरळ मूळ असतं तेव्हा तो माणूस उजळतो आणि सोबत गोडी उजळते. तुमच्यात हे गृहस्थ उजळतात आणि सोबत उजळतो तिटकारा. त्यांनी जे धरलं, त्याच्या बरोबर समोरचं तुम्ही धरलंत. प्रत्येक वेळी."

"म्हणजे माझी मतं चूक आहेत?"

"बरोबरही असतील. मी मूळ मोजते, काका, फळ नाही. रस्सीखेच बघितली असेल ना? तुम्ही मागे झुकून उभे आहात. पाय रोवलेले, छाती ताठ. बघणाऱ्याला वाटतं काय भक्कम माणूस आहे. पण तुम्ही उभे आहात ते पलीकडून कोणीतरी ओढतंय म्हणून."

"आणि त्याने सोडली तर?"

डॉक्टरबाई टोपीच्या तारा गुंडाळू लागल्या. "इतकी वर्षं ओढणारा माणूस सहसा सोडत नाही."

"ती एक कोणती, स्वयंभू? संगणक असणार."

"संगणक नाही. तुमच्या पानावर नसलेलं काहीतरी आहे. नाव काढायला वेगळी तपासणी लागेल. करायची?"

"राहू दे," मगदूम उठत म्हणाले. "माझं मला ठाऊक आहे."

घरी कुसुमताई मटार सोलत होत्या. अहवाल चर्चाफलकावर टाकणार हे ऐकून त्यांचे हात थांबले.

"कशाला? अडीच टक्के मिरवायला?"

"मंडळात काही लपवायचं नाही, हा नियम माझाच आहे. दोष सापडला की उघडा करायचा. चार जण बघतात, दुरुस्ती होते."

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. पण ती प्रोग्रामसाठी आहे. स्वतःच्या आतल्या फटीला ती लावावी, आलेखासकट, डॉक्टरच्या टिपणासकट, हे फक्त पक्क्या संगणकप्रेमी माणसालाच सुचू शकतं.

"अहो, कारखानीस वाचतील ते."

"वाचू दे की. त्याचं अडीच तरी येतंय का बघू."

"आणि हा नियम तरी तुमचा कशावरून?" कुसुमताईंनी शेंग मोडली. "ते झाकतात, म्हणून तुम्ही उघडं टाकता."

मगदूम उठून संगणकाशी बसले. अहवाल टाकला.

महिनाभर कारखानिसांकडून फलकावर एक अक्षर आलं नाही. मग एका सोमवारी चार ओळी आल्या, आणि त्या इन्स्क्रिप्टमधून टंकलेल्या होत्या. "गेले काही दिवस मराठी कळांवर लिहितो आहे. मगदूमसाहेबांचं बरोबर होतं. मी उगाच हट्ट केला. सर्वांसमोर कबूल करतो."

मगदुमांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचलं. कुसुमताईंना शिरा करायला सांगितला आणि शिऱ्यात साखर किती आहे हे विचारायचं विसरले.

पुढच्या रविवारी ते मंडळात आपल्या लाडक्या की-बोर्डासमोर बसले. बोटं कळांवर ठेवली. बोटं बरोबर जागी होती, पण काही लिहावं असं त्यांना सांगणारं आत कोणी नव्हतं. त्यांना वाटलं, झोप कमी झाली असेल.

मग सायकलची पाळी आली. विश्रामबाग चौकात मागून घंटी वाजली. कारखानीस होते, नव्या सायकलवर, घामाघूम. उतरून त्यांनी अदबीने विचारलं, "मगदूमसाहेब, टायरमध्ये हवा किती ठेवता तुम्ही? मोटार विकून टाकली. तुम्ही म्हणायचात ते पटलं." चौकातली माणसं बघत होती. मगदुमांनी हवा सांगितली. घरी येऊन सायकल बोळात लावली आणि ती पुढे तिथेच राहिली.

कारखानिसांनी जन्मभर विकलेले डबे उघडून फलकावर ठेवले, ज्याला हवे त्याने आतून बघावे म्हणून. चहातली साखर सोडली. कुत्रा मेहुण्याच्या मळ्यावर पाठवला आणि मांजराचं पिल्लू आणलं. प्रत्येक वेळी फलकावर तेच: मगदूमसाहेबांचं बरोबर होतं. सभासद मगदुमांचं अभिनंदन करत, आणि मगदूम ते दाताच्या दवाखान्यात बसलेल्या माणसासारखं ऐकून घेत. मांजर मांडीवर येऊन बसलं की ते त्याच्याकडे कोणीतरी विसरून गेलेल्या पिशवीकडे बघावं तसं बघत. मांजराने ते ओळखलं आणि आपलं बस्तान कुसुमताईंकडे हलवलं.

शेवटी कारखानिसांनी गणपतीला जाणं सोडलं. त्या दिवशी मगदूम खिडकीशी बसले होते. देव नाही, हे त्यांचं सगळ्यांत जुनं मत. शिबिरातून आल्या आल्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जायला नकार देऊन वडिलांशी त्यांनी त्यावरून वैर घेतलं होतं. ते मत त्यांनी मनात आणून बघितलं. देव नाही. बरं. असला तरी बरं. त्यांना एकदम भीती वाटली, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांना काहीतरी वाटण्याची ती पहिलीच वेळ होती.

"त्यांनी रस्सी सोडली आहे, काका," डॉ. बारटक्के म्हणाल्या. "खुणा एकेक करून विझतायत. मला वाटलं नव्हतं असं कोणी करेल."

"औषध?"

"त्यांनी पुन्हा ओढायला हवं. दुसरं नाही."

मगदूम कारखानिसांकडे गेले, तेव्हा दार कारखानिसांनी स्वतःच उघडलं. देव्हारा रिकामा होता, चहा बिनसाखरेचा आला.

"या, मगदूमसाहेब."

"साहेब म्हणू नकोस."

"बरं, नाही म्हणत."

"बरं पण म्हणू नकोस. एकदा तरी नाही म्हण."

"तुम्ही म्हणाल तसं."

मगदुमांनी कप खाली ठेवला. "सदा, रोमनमधून लिही परत. मी फलकावर तुझी सालटी काढतो, तू माझी काढ. देवाला जा. मी तुला अडाणी म्हणतो. हात जोडतो तुझ्यापुढे."

"जोडू नका. कोणापुढे हात जोडायचे नाहीत, हे तुमचंच मत."

"ते आता मत नाही राहिलं. काहीच नाही राहिलं."

"ठाऊक आहे," कारखानीस म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली अदब कोणी झूल काढून घ्यावी तशी गेली. "तुझा अहवाल वाचला आणि दुसऱ्या दिवशी मी पण मोजून आलो. माझंही तेच. झाडून सगळं तुझ्या उलट."

"म्हणजे मूळचा तू की मी?"

"मी विचारलं. बाई म्हणाल्या, मूळचं कोणीच नाही. मला बघून तू मागे सरकलास, तुला बघून मी. मधे रस्सी ताणली गेली. तिला आपण मतं म्हणत होतो."

मगदुमांनी रिकाम्या देव्हाऱ्याकडे बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. "मग तू सोडलीस तेव्हा तुझंही गेलं असणार."

"गेलं. गणपतीपुढे उभा राहिलो तर मूर्ती दिसली. नुसती मूर्ती." कारखानिसांनी कडू चहाचा घोट घेतला. "पण तुझं आधी गेलं. तुला कळायच्या आत. तेवढं मी बघितलं."

"कशासाठी हे?"

"आपण म्हातारे झालो, भूपाल. दोघांतला एक आधी जाणार. मी आधी गेलो असतो तर तुझं आपोआप विझलंच असतं. पण ते बघायला मी नसतो."

वार्षिक सभेला डॉ. बारटक्के यंत्र घेऊन मंडळातच आल्या. ठराव झाला होता आणि तो पाळायचा होता. बाकीचे सभासद सहा, नऊ, अकरा असे निघाले. मग मगदूम बसले. कुसुमताई भिंतीशी उभ्या होत्या. हे सगळं शून्यावर संपणार असं धरून त्यांनी घरी खिचडी टाकली होती.

डॉक्टरबाईंनी आकडा पुन्हा तपासला. "जिवंत खूण एकच आहे. आणि ती स्वयंभू आहे. एकातली एक. शंभर टक्के."

टाळ्या पडल्या. शंभर टक्के माणूस सांगलीत कोणी बघितला नव्हता.

"कशाची आहे ती?" मगदुमांनी विचारलं. या वेळी त्यांना नाव हवं होतं.

डॉक्टरबाईंनी तपासणी लावली आणि पडद्यावर बघत बोलू लागल्या. "शिबिराची खोली आहे. तुम्ही संगणकावरून उठताय. तुमच्या जागेवर एक मुलगा येतो. खिशातून रुमाल काढतो आणि तुमची बोटं लागलेला की-बोर्ड पुसतो." त्या मगदुमांकडे वळल्या. "काका, हे वैर आहे. ते तुम्हाला कोणी शिकवलं नाही, कोणाची नक्कलही नाही. तो मुलगा त्याचा विषय आहे, मूळ नाही. मूळ तुमचं स्वतःचं. आमच्या लोकांनी माया मोजणीतून वगळली. वैर वगळायचं कोणाला सुचलं नाही."

मग कारखानीस बसले. त्यांचीही खूण एकच, तीही शंभर टक्के. खोली तीच. "हाताला घाम आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला लहानपणापासून येतो ना? बसताना हात कळांवर टेकतो, कळा ओल्या होतात, म्हणून तुम्ही त्या पुसताय. दारातून एक मुलगा वळून बघतो. घामाला हसतोय असं तुम्हाला वाटतं."

कुसुमताई पुढे झाल्या. "अहो, ऐकलंत ना? घाम होता. तुमच्यासाठी नव्हता तो रुमाल."

मगदुमांनी कारखानिसांकडे बघितलं. कारखानीसही त्यांच्याकडे बघत होते. दोघंही हिशेबात पक्के होते. हे खरं मानलं तर ती एक खूणही विझणार होती, आणि एकातून एक गेला की काय उरतं ते कोणालाही येतं.

"खोटं आहे," मगदूम म्हणाले.

"काका, यंत्र खोटं सांगत नाही."

"मग यंत्र बंद डबा आहे. मी बघितलंय त्याला पुसताना."

"आणि मी बघितलंय याला हसताना," कारखानीस म्हणाले.

कुसुमताई पिशवी उचलून बाहेर गेल्या.

अध्यक्ष दोन झाले. दोन खुर्च्या शेजारी मांडल्या गेल्या. चिटणिसांनी आठवण करून दिली की मंडळाच्या नियमाप्रमाणे अध्यक्षांची वैयक्तिक पानं अद्ययावत हवीत. मगदूम संगणकासमोर बसले आणि आपलं लांबच लांब पान पुसून टाकलं. मांजराचा फोटोही गेला. छंदाच्या रकान्यात एकेक कळ शोधत, एका बोटाने, त्यांनी लिहिलं: सदानंद कारखानीस.

ते उठले. मागे कारखानीस पाळी धरून उभे होते. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि की-बोर्ड सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला.

मगदूम दारात थांबून बघत राहिले. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं.